घरचा ड्राइव्ह, पाहुण्याची पाटी

ओसरीवर बसलेल्या माणसाला वाटसरू पाहुणा समजतो आणि माजघरात वावरणाऱ्याला घरचा समजतो. घरचाच एखादा मुलगा उन्हाळ्याच्या दुपारी पुस्तक घेऊन ओसरीवर बसला असेल, तर येणारा त्यालाच विचारतो, "घरात कुणी आहे का हो?" यात मुलाचा काही दोष नाही आणि विचारणाऱ्याचाही फारसा नाही. बसण्याच्या जागेवरून माणसाची ओळख ठरविली गेली, इतकेच. संगणकाच्या पेटीत असाच एक गैरसमज होत असतो. त्याविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे.

अलीकडे जुन्या संगणकात नवा सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजे ज्याला बाजारात एस. एस. डी. म्हणतात तो, बसवून घेण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. पूर्वीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारी सुई असे. नव्या ड्राइव्हमध्ये हलणारे काहीच नसते. सूक्ष्म कोशांत साठविलेल्या विद्युत्‌भारावर सारे लेखन अवलंबून असते. त्यामुळे सुरू होण्यास पाच मिनिटे घेणारे यंत्र अर्ध्या मिनिटात तयार होते. शाळा, दवाखाने आणि लहान दुकाने यांना नवे यंत्र घेण्यापेक्षा हा उपाय परवडतो. ड्राइव्ह पेटीच्या आत चार स्क्रूंनी पक्का केला जातो, झाकण लागते आणि काम सुरू होते. मग एके दिवशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एक लहानसे चिन्ह दिसू लागते. ते उघडावे तर विंडोज विचारते, "हा ड्राइव्ह सुरक्षितपणे काढावयाचा आहे काय?" पेन ड्राइव्हला विचारावयाचा प्रश्न पेटीत स्क्रूंनी जखडलेल्या ड्राइव्हला विचारला जात असतो.

बहुतेक लोक हसून दुर्लक्ष करतात. काही थोडे घाबरतात आणि दुकानदाराकडे धाव घेतात. दोन्ही गोष्टी अयोग्य आहेत. हसण्यावारी का नेऊ नये, ते एका प्रसंगावरून आपल्या ध्यानात येईल.

इंदूरच्या परदेशीपुरा भागातील एका शाळेच्या कार्यालयात हे घडले. मी त्या वेळी तेथे होतो. कार्यालयाच्या संगणकात दोन ड्राइव्ह होते. एकावर विंडोज ही कार्यप्रणाली होती, तर नव्याने बसविलेल्या दुसऱ्यावर शाळेची कागदपत्रे. दहावीच्या मुलांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्या दुसऱ्या ड्राइव्हवर होते आणि ते दुसऱ्या दिवशी वर पाठवावयाचे होते. लेखनिकबाईंनी आपला पेन ड्राइव्ह काढण्यासाठी कोपऱ्यातले ते चिन्ह उघडले. यादीत दोन नावे होती. दोन्ही इंग्रजी अक्षरे आणि अंक यांची सरमिसळ असलेली. एक पेन ड्राइव्हचे, एक आतल्या ड्राइव्हचे. बोट दुसऱ्या नावावर पडले. क्षणात डी नावाचे सगळे घरच पडद्यावरून नाहीसे झाले.

"सर, मला तर पेन ड्राइव्हच काढायचा होता हो! डी कुठं गेला?" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यानंतरची दहा मिनिटे खरी धोक्याची होती. सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. एकाने सांगितले की ड्राइव्ह जळाला, माहिती परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे न्यावा लागेल आणि तो हजारांनी पैसे मागेल. दुसऱ्याने सुचविले की ड्राइव्ह नवा दिसण्यासाठी फॉरमॅट करून टाकावा. हा दुसरा सल्ला ऐकला गेला असता, तर पुढच्या सकाळी दीडशे मुलांचे गुण कोठून आणावयाचे, हा प्रश्न कुणालाच सुटला नसता. शेवटी यंत्र नीट बंद करून पुन्हा सुरू केले, तेव्हा डी आपल्या जागी हजर होता. त्यातले एक अक्षरही हललेले नव्हते. विंडोजने आज्ञा पाळून ड्राइव्हशी असलेला व्यवहार बंद केला होता. ड्राइव्ह जागचा हललाही नव्हता आणि बिघडलाही नव्हता.

तेव्हा असा प्रसंग आला, तर प्रथम हे लक्षात ठेवावे: काढलेला ड्राइव्ह पुसला जात नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. फॉरमॅट हा शब्द तोवर कुणी उच्चारू नये.

आता या गैरसमजाचे मूळ पाहू. बहुतेकांना वाटते की ड्राइव्ह सदोष आहे, किंवा नकली आहे. वास्तविक ड्राइव्हला या प्रकरणी कुणी काही विचारलेलेच नसते. तो ज्या जोडणीवर बसला आहे, ती जोडणी त्याच्याविषयी साक्ष देते. या जोडणीस सॅटा म्हणतात. यंत्र चालू असतानाही ड्राइव्ह लावता-काढता यावा, अशी सोय तिच्या मांडणीतच ठेवलेली आहे. तिच्या वीजपुरवठ्याच्या टोकावरील पट्ट्या बारकाईने पाहिल्या, तर त्या सारख्या लांबीच्या नाहीत असे दिसेल. जमिनीशी संबंध जोडणाऱ्या पट्ट्या थोड्या लांब असतात, म्हणून लावताना त्या आधी टेकतात आणि काढताना शेवटी सुटतात. मोठ्या संगणककेंद्रांत एखादा ड्राइव्ह निकामी झाला तर सगळे यंत्र न थांबविता तो बदलता यावा, यासाठी हा खटाटोप आहे. त्याला हॉट प्लग म्हणतात.

संगणकाच्या मुख्य फळीवर, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, सॅटाचे चार-सहा दरवाजे असतात. प्रत्येक दरवाजाच्या नावे आतल्या नोंदवहीत दोन खुणा ठेवलेल्या असतात. एक खूण सांगते, "या दरवाजातून चालू यंत्रात ये-जा होऊ शकते." दुसरी सांगते, "हा दरवाजा पेटीच्या बाहेर उघडतो." यंत्र सुरू होताना बायॉस नावाचा मूळ कार्यक्रम या खुणा भरतो. मग विंडोज येते, ती नोंदवही वाचते आणि ज्या दरवाजापुढे खूण असेल त्यावर बसलेल्या ड्राइव्हला पाहुणा ठरविते. फळी बनविणाऱ्याने सगळ्या दरवाजांना सरसकट ये-जा करण्याची खूण लावून ठेवली असेल, तर घरची सगळी माणसे ओसरीवर बसलेली दिसणारच. पेटीवर झाकण आहे आणि ड्राइव्ह स्क्रूंनी जखडलेला आहे, हे विंडोजला पाहण्याचा मार्ग नाही.

येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. काढता येण्याजोगे हे विशेषण दोन निराळ्या गोष्टींना लावतात. टेप-रेकॉर्डर घरात राहतो आणि कॅसेट बदलते; तेथे माध्यम काढते असते. याउलट एखादे आख्खे यंत्रच उचलून दुसरीकडे नेता येत असेल, तर तेथे साधन काढते असते. सी. डी. आणि फ्लॉपी ही माध्यमे झाली. पेटीबाहेरचा सॅटा ड्राइव्ह हे साधन झाले. या दोन अर्थांची गल्लत जाणकारांकडूनही होते. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात बाहेरील सॅटा दरवाजावरचा ड्राइव्ह पेन ड्राइव्हप्रमाणे वागविला जावा, या सद्हेतूने एक बदल झाला होता. त्यायोगे ये-जा करण्याची खूण असलेल्या सर्वच दरवाजांवरील ड्राइव्ह कॅसेटीच्या रांगेत जाऊन बसले. २०२४ साली ही चूक दुरुस्त करण्यात आली आणि ती खूण केवळ माध्यम बदलणाऱ्या साधनांसाठीच राखावी, असे ठरले. तेव्हा आपल्या घरी हा घोटाळा दिसला, तर आपण फार अडाणी आहोत असे वाटून घेण्याचे कारण नाही.

या चुकीच्या ओळखीने चालते काय आणि बिघडते काय? चुकून काढण्याचा धोका आपण पाहिलाच. ज्या ड्राइव्हवर विंडोज स्वतः नांदत असते, तो ती सहसा सोडत नाही. "वापरात आहे" म्हणून नकार देते. धोका दुसऱ्या, माहितीच्या ड्राइव्हला अधिक. शिवाय वेगाचा एक प्रश्न आहे. लिहावयाचा मजकूर काही क्षण स्मृतीत धरून ठेवून मग एकदम उतरविला, तर काम लवकर होते. परंतु पाहुणा केव्हा उठून जाईल याचा नेम नसतो, म्हणून त्याच्याशी उधारीचा व्यवहार न करता रोखीचा करतात. विंडोज १० च्या २०१८ सालच्या शरदातील आवृत्तीपासून बाहेरील ड्राइव्हसाठी हा रोखीचा व्यवहारच मूळ धोरण म्हणून ठरला आहे. म्हणून आतला ड्राइव्ह पाहुणा म्हणून दिसत असेल, तर त्याच्या गुणधर्मांतील पॉलिसीज हे पान उघडून कोणते धोरण लागू आहे, ते एकदा पाहून घ्यावे.

आता उपाय. तो पायरीपायरीने करावा आणि पहिल्या पायरीपूर्वी महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. ड्राइव्ह निरोगी आहे म्हणून नव्हे, तर आपले हात चुकू शकतात म्हणून.

प्रथम ओळख पटवावी. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्क ड्राइव्ह या शीर्षकाखालील नावे पाहावी आणि कोपऱ्यातील यादीतील नाव कोणत्या ड्राइव्हचे आहे, ते कागदावर लिहून घ्यावे. त्या नावाच्या गुणधर्मांत पहिल्याच पानावर लोकेशन म्हणून एक ओळ असते. तीत बस नंबर म्हणून जो आकडा दिलेला असतो, तो दरवाजाचा क्रमांक समजावा. तोही लिहून ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

दुसरी पायरी बायॉसची. हल्ली त्याची जागा यू. ई. एफ. आय. या नव्या रचनेने घेतली असली, तरी दुकानात आणि घरात जुनेच नाव चालते. यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबीत राहिले की त्याचे पान उघडते. काही यंत्रांत कळ निराळी असते. तेथे सॅटा मांडणीचे पान शोधावे. पुष्कळ फळ्यांवर प्रत्येक दरवाजापुढे हॉट प्लग असे लिहून चालू किंवा बंद असे पर्याय दिलेले असतात. आपल्या ड्राइव्हच्या दरवाजापुढील हॉट प्लग बंद करावा आणि बदल जतन करून बाहेर पडावे. बहुतेक वेळा रोग येथेच बरा होतो. कारण नोंद जेथे चुकली तेथेच ती सुधारली जाते.

परंतु त्याच पानावर एक मोह असतो, त्यापासून दूर राहावे. सॅटाची कार्यपद्धती म्हणून ए. एच. सी. आय., रेड अशी नावे तेथे दिसतात. आपल्या तक्रारीशी त्यांचा संबंध नाही. त्यांना हात लावला, तर विंडोज सुरूच न होण्याचा संभव असतो. तसे झालेच, तर घाबरून न जाता पूर्वीचा पर्याय परत ठेवावा.

तिसरी पायरी, बायॉसमध्ये तो पर्यायच नसेल तर. फळी बनविणाऱ्या कंपनीने बायॉसची नवी आवृत्ती दिली आहे का, ते पाहावे. ती चढविताना वीज जाऊ नये याची खात्री असावी. पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या भागात हे काम सकाळी लवकर उरकलेले बरे. किंवा यंत्र बंद करून, वीज तोडून, ड्राइव्हची तार दुसऱ्या दरवाजाला लावून पाहावी. काही फळ्यांवर दोन निराळ्या नियंत्रकांचे दरवाजे असतात आणि एकाची नोंद चुकीची असली, तरी दुसऱ्याची बरोबर असू शकते.

चौथी पायरी जाणत्या माणसासाठी आहे. विंडोजच्या नोंदसंग्रहात, म्हणजे रजिस्ट्रीत, एक ओळ लिहून तिला सांगता येते की अमुक क्रमांकाचा दरवाजा घरातलाच समज. मायक्रोसॉफ्टनेच हा मार्ग दाखविलेला आहे. विंडोज ८ आणि तिच्यापुढील आवृत्त्यांत त्याची वाट अशी: एच-की लोकल मशीन, त्यात सिस्टिम, त्यात करंट कंट्रोल सेट, त्यात सर्व्हिसेस, त्यात स्टोर ए. एच. सी. आय., त्यात पॅरामीटर्स आणि अखेरीस डिव्हाइस. तेथे ट्रीट ऍज इंटर्नल पोर्ट या नावाची नोंद करावी. हे चार इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहावयाचे असतात. नोंदीचा प्रकार मल्टी-स्ट्रिंग असावा आणि तिच्यात आपण लिहून ठेवलेला दरवाजाचा क्रमांक भरावा. दरवाजे एकाहून अधिक असतील, तर एका ओळीवर एक क्रमांक. मग यंत्र पुन्हा सुरू करावे. मात्र ही ओळ मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा चालक-कार्यक्रम काम पाहत असेल तरच वाचली जाते. नियंत्रक बनविणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा चालक बसविलेला असेल, तर तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आणि रजिस्ट्रीत हात घालण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी, हे सांगावयास नकोच.

ज्यांचा ड्राइव्ह च्युइंगगमच्या वडीसारखा लहान आणि थेट फळीवर आडवा बसणारा आहे, त्यांनी आधी तो कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. त्या आकारात सॅटाही मिळतो आणि एन. व्ही. एम. ई. ही मिळतो. दुसऱ्या जातीचा ड्राइव्ह सॅटाच्या दरवाजातून जातच नाही, तो पी. सी. आय. एक्सप्रेस या निराळ्या रस्त्याने जातो. त्याला वरची चौथी पायरी लागू पडत नाही. त्याच्यासाठी बायॉसमध्ये त्या रस्त्याचा हॉट प्लग पर्याय आहे का, हे पाहणे आणि बायॉसची नवी आवृत्ती घेणे, हेच दोन मार्ग प्रथम धरावे.

एक सोपी युक्ती पुष्कळ जण सांगतात, ती अशी की कोपऱ्यातले ते चिन्हच लपवून टाकावे. चिन्ह लपते, नोंद मात्र तशीच राहते. शिवाय खऱ्या पेन ड्राइव्हला निरोप द्यावयाची वेळ आली की ते चिन्ह पुन्हा काढावे लागते आणि घाईत पूर्वीचाच घोटाळा होतो. आमच्या त्या कार्यालयात बायॉसमधील दोन पर्याय बंद केल्यावर यादीत केवळ पेन ड्राइव्हचे नाव उरले. बाईंना आता निवड करावयाची गरजच राहिली नाही.

आणखी एक इशारा देतो. कुणी काही न दाबता ड्राइव्ह आपोआप नाहीसा होत असेल, मधूनच परत येत असेल, तर तो हा गैरसमज नव्हे. तेथे तार सैल असेल, वीज अपुरी पडत असेल किंवा ड्राइव्ह खरोखरच थकला असेल. अशा वेळी पाटी बदलण्याच्या खटपटीत न पडता प्रथम माहिती दुसरीकडे हलवावी.

श्रोतेहो, ज्या भागात हे घडले त्याचे नाव परदेशीपुरा आहे. मराठीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला परदेशी म्हणण्याची जुनी रीत आहे. मालवा मिल, हुकमचंद मिल, राजकुमार मिल अशा कापडगिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवत आणि मावळत असे, त्या कामगारांची ही वस्ती. त्यांची नातवंडे याच शहरात जन्मली, याच शाळांत शिकली. गिरण्यांचे भोंगे थांबले. याच भागात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स ही औद्योगिक वसाहत उभी राहिली. वस्तीवरची पाटी मात्र अजून परदेशीच म्हणते. तेथील माणसांचे त्या नावावाचून काही अडत नाही, कारण त्या पाटीकडे पाहून त्यांना कुणी गावाबाहेर काढीत नाही.

संगणकाचे तसे नाही. त्याला पाटीपलीकडचे काही दिसत नाही आणि पाटीवर जे लिहिले असेल त्याप्रमाणे तो निमूटपणे वागतो. म्हणून त्याच्या बाबतीत पाटी बरोबर असणे अगत्याचे आहे आणि ती बरोबर करणे हे आपले काम आहे. आज घरी किंवा कार्यालयात गेल्यावर कोपऱ्यातले ते चिन्ह एकदा उघडून यादी वाचून पाहा. त्यात आतल्या ड्राइव्हचे नाव दिसले, तर परीक्षेचे गुण आणि दुकानाचा हिशेब त्यावर चढण्यापूर्वीच ते तेथून काढून घ्या.